पैशाला परत कधी जायचंय?

मागच्या अंकात मी नव्या कंपन्या आणि त्यांत पैसे घालणाऱ्यांविषयी पत्रं मागवली होती. नागपुरातून इतकी येतील असं वाटलं नव्हतं. मी पेशाने कंपनी सेक्रेटरी, ऑफिस रामदासपेठेत. त्याआधी नऊ वर्षं मुंबईत एका व्हेंचर फंडात होते. म्हणजे पैसे देणाऱ्यांच्या बाजूला आधी बसले आणि आता घेणाऱ्यांच्या बाजूला बसते. पाच पत्रं निवडली आहेत. नावं कुणाचीच दिलेली नाहीत.

ताई, मी आणि माझा मित्र हिंगणा एमआयडीसीत संत्र्याची प्रतवारी करणारं यंत्र बनवतो. कॅमेरा फळाचा आकार, रंग आणि सालीवरचे डाग पाहतो आणि फळं चार पट्ट्यांवर वेगळी होतात. आतापर्यंत ११ यंत्रं विकली, एकाची किंमत १४ लाख. मुंबईच्या एका फंडाने दीड कोटी देऊन २० टक्के हिस्सा मागितलाय, शिवाय ऑफिस पुण्याला हलवा म्हणतात. टर्मशीट, म्हणजे त्यांच्या अटींचा मसुदा, सोबत जोडली आहे. आम्हाला ४०-४० टक्के उरतील असं मी घरी सांगितलंय. घरचे म्हणतात, अशी संधी पुन्हा येत नाही. सही करू का? — हिंगण्याहून एक इंजिनिअर

आज करू नका. दहा दिवस मागून घ्या. खरा रस असलेला फंड दहा दिवस थांबतो.

दीड कोटीच्या आकड्याने घर हलून गेलंय हे पत्रावरून कळतं. पण त्याच पत्रात त्याहून मोठा आकडा तुम्ही सहज लिहून गेलात. अकरा यंत्रं, प्रत्येकी १४ लाख, म्हणजे १ कोटी ५४ लाख. हे पैसे गिऱ्हाइकांनी दिले आणि त्यांनी हिस्सा मागितला नाही. बोलणी करायला बसाल तेव्हा हा आकडा मनात असू द्या.

आता समोरच्याचं गणित. फंडाचा पैसा फंडाचा स्वतःचा नसतो. श्रीमंत घराणी, विमा कंपन्या आणि इतर मोठे फंड यांच्याकडून तो गोळा केलेला असतो. केंद्र सरकारनेही २०१६ मध्ये लघुउद्योगांच्या सिडबी बँकेमार्फत १०,००० कोटींचा ‘फंड ऑफ फंड्स’ सुरू केला तो अशा फंडांना पैसा मिळावा म्हणूनच. फंडाचं आयुष्य साधारण आठ ते दहा वर्षांचं. तेवढ्यात पैसा वाढवून मालकांना परत द्यायचा. वीस कंपन्यांत पैसे घातले तर बऱ्याचशा बुडणार किंवा जेमतेम तगणार हे फंडाला पहिल्या दिवसापासून ठाऊक असतं, आणि एक-दोन कंपन्यांनी सगळ्यांची भरपाई करावी अशी अपेक्षा असते.

समजा फंड १०० कोटींचा आहे. तुमच्यातला त्याचा २० टक्के हिस्सा गुंतवणुकीच्या पुढच्या फेऱ्यांत कमी होत होत १० टक्क्यांवर येईल. त्या १० टक्क्यांतून अख्खा फंड एकदा वसूल व्हायचा तर तुमची कंपनी १००० कोटींना विकली गेली पाहिजे. वर्षाच्या विक्रीच्या पाचपट भाव मिळेल असं धरलं, तरी विक्री २०० कोटींची हवी. १४ लाखांचं एक यंत्र, म्हणजे वर्षाला चौदाशेहून जास्त यंत्रं. काटोल, नरखेड, वरूड, मोर्शी धरून तुमचं यंत्र घेऊ शकतील अशी पॅकिंग केंद्रं किती, हे तुम्ही दोघं माझ्यापेक्षा चांगलं सांगाल. एका कागदावर नावानिशी लिहून काढा. नुसत्या संत्र्यावर हा आकडा गाठता येणार नाही असं माझं मत आहे. मोसंबी, डाळिंब, सफरचंद, टोमॅटो असं सगळं यंत्रात बसवून देशभर जायचं असेल तर गोष्ट वेगळी, आणि तेव्हा फंड हाच योग्य पैसा. तुम्हाला त्या वाटेने जायचंय का? हा प्रश्न तुम्हाला घरात कुणी विचारलेला दिसत नाही.

दुसरी गोष्ट ऋतूची. तुमची विक्री अंबिया बहाराच्या तोडीआधी होते, ऑक्टोबर ते डिसेंबरचं फळ हातात यायच्या आधी. नंतर थोडी मृगाच्या फळासाठी, फेब्रुवारी-मार्चमध्ये. मधले महिने कोरडे. मी फंडात असताना दर तिमाहीला कंपन्यांचा एक तक्ता भिंतीवर लागायचा. हिरवा, पिवळा, लाल. शेतीशी जोडलेली एक कंपनी सलग दोन तिमाही लाल दिसली, कारण त्या सहा महिन्यांत शेतात पीकच नव्हतं. मी तसं सांगितलंही. पुढच्या बैठकीत त्या कंपनीला मिळणारा दुसरा हप्ता थांबला. त्या खोलीतली माणसं वाईट नव्हती, पण त्यांच्यापैकी कुणी बहार पाहिलेला नव्हता. म्हणून फंडाला पहिल्या भेटीतच विचारा : हिशेब तिमाहीचा मागणार की हंगामाचा? उत्तर लेखी घ्या. शेतीवरच काम करणारे फंड देशात आहेत, मुंबईतला ओम्निव्होर त्यांतला जुना. अशांपैकी एकदोघांशी बोलल्याशिवाय हा प्रस्ताव पक्का करू नका.

आता टर्मशीट. चौथ्या पानावर ‘लिक्विडेशन प्रेफरन्स’ आहे, म्हणजे कंपनी विकली गेली तर आधी कुणी किती घ्यायचं याचं कलम, त्याखाली ‘दोनपट, पार्टिसिपेटिंग’ असं लिहिलंय. तुम्ही त्याला खूणही केलेली नाही. समजा तीन वर्षांनी एखादी मोठी यंत्रकंपनी तुम्हाला ४ कोटींना विकत घेते. या कलमाप्रमाणे फंड आधी आपले दुप्पट, म्हणजे ३ कोटी उचलणार. उरलेल्या १ कोटीतून आणखी २० टक्के, म्हणजे २० लाख. फंडाला ३ कोटी २० लाख आणि तुमच्यासह बाकी सगळ्यांना मिळून ८० लाख. हेच कलम ‘एकपट, नॉन-पार्टिसिपेटिंग’, म्हणजे उरलेल्यात पुन्हा वाटा नाही, असं करून घेतलं तर फंड दीड कोटी घेईल आणि अडीच कोटी बाकीच्यांकडे येतील. एका ओळीत १ कोटी ७० लाखांचा फरक. ही ओळ बदलून मागा. एकपट ही सर्रास चालणारी पद्धत आहे, मागण्यात संकोच नको. मान्य झालं नाही तर उठा.

त्याच पानावर कर्मचाऱ्यांसाठी १० टक्के शेअर राखून ठेवायचे आहेत, आणि ते फंडाचे पैसे येण्याआधी बाजूला काढायचे आहेत. म्हणजे तो हिस्सा सगळा तुमच्या दोघांच्या वाट्यातून जाणार. २० फंडाचे, १० राखीव, तुम्हाला प्रत्येकी ३५. घरी तुम्ही ४०-४० असं सांगितलंय. आधी ते दुरुस्त करून सांगा.

पुण्याला जाऊ नका. गिऱ्हाईक इथे आहे, फळ इथे आहे, लिंबूवर्गीय फळांची केंद्रीय संशोधन संस्था अमरावती रोडवर आहे. नागपुरी संत्र्याची साल सैल असते, पट्ट्यावर जरा आपटलं तरी फळ आतून दुखावतं. हे तुम्ही इथे राहून शिकलात म्हणून ती यंत्रं विकली गेली.

तोवर पैशाचं काय? खेळतं भांडवल हवं असेल तर बँकेत सीजीटीएमएसई या लहान उद्योगांच्या कर्जाला हमी देणाऱ्या ट्रस्टच्या हमीवर, तारण न ठेवता मिळणारं कर्ज मागा. एप्रिल २०२५ पासून ही हमी १० कोटींपर्यंतच्या कर्जाला मिळते. शाखेत आधी ‘घराचे कागद आणा’ म्हणतील. योजनेचं नाव घेऊन पुन्हा विचारा आणि अर्जाची पोच घ्या. ११ यंत्रांची बिलं हातात असलेल्या माणसाला रिकाम्या हाताने परत पाठवणं मॅनेजरलाही जड जातं.

इन्क्युबेटर, एंजल आणि व्हेंचर कॅपिटल यांत फरक काय? आणि नागपुरात कुणाकडे जायचं? — धंतोलीहून एक विद्यार्थिनी

इन्क्युबेटर जागा, सल्ला आणि ओळखी देतो, कधी सरकारी अनुदान मिळवून देतो. एंजल म्हणजे स्वतःच्या खिशातले पैसे घालणारा माणूस. व्हेंचर कॅपिटल म्हणजे दुसऱ्यांचे पैसे, सेबीकडे नोंदलेल्या फंडातून घातलेले. मिहान या औद्योगिक क्षेत्राजवळ आयआयएम नागपूरची ‘इन्फेड’ ही उद्योजकतेची संस्था आहे आणि विद्यापीठाचंही इन्क्युबेशन केंद्र आहे. दोन्हीकडे जाऊन या. तिथे गेल्यावर पैशाआधी हे विचारा की त्यांच्याकडच्या किती कंपन्यांना पहिलं गिऱ्हाईक मिळालं.

मी वेकोलितून (वेस्टर्न कोलफील्ड्स) निवृत्त झालो. मुलगा मिहानमधल्या आयटी कंपनीत आहे, नोकरी सोडून शाळांसाठी सॉफ्टवेअरची कंपनी काढतो म्हणतो. बेसा भागात माझा एक प्लॉट आहे, आरएल झालेला, म्हणजे मंजुरीचं रिलीज लेटर मिळालेला. तो विकून पैसे द्या असा त्याचा आग्रह आहे. मुलीचं लग्न व्हायचंय. नाही म्हटलं तर मुलगा दुरावेल, हो म्हटलं तर झोप लागणार नाही. — मनीषनगरहून एक वडील

काकाजी, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं, आणि मग माझ्या मामेभावाची आठवण आल्याशिवाय राहिली नाही. २००९ मध्ये त्याने कंपनी काढली तेव्हा सहा नातेवाइकांनी मिळून ८ लाख दिले. पैसे त्याच्या बचत खात्यात आले. एका शाळकरी वहीत नावं आणि आकडे लिहिले, सही कुणाची नाही. कुणाला ते कर्ज वाटलं, कुणाला भागीदारी, कुणाला मदत. दोन वर्षांनी कंपनी बंद झाली. त्यातली दोन घरं आजही एकमेकांच्या कार्याला जात नाहीत. ती वही माझ्या कपाटात आहे, मीच मागून घेतली. तेव्हा मी कंपनी सेक्रेटरीची परीक्षा पास झालेली होते आणि शेजारच्या खोलीत बसून होते. एक कागद करायला मी सांगू शकले असते. ते न सांगितल्याची खंत मला आहे, म्हणून तुम्हाला सगळं स्पष्ट सांगते.

प्लॉट आत्ता विकू नका. मुलाला नाही असंही म्हणू नका. त्याला सांगा की मी अमुक इतके देईन, आणि ती रक्कम अशी ठरवा की ती पूर्ण बुडाली तरी तुमचं दोघांचं औषधपाणी आणि मुलीचं लग्न अडणार नाही. तीन लाख असेल तर तीन. ती कंपनीच्या खात्यात, चेकने. तुमच्या नावाचे शेअर घ्या किंवा कर्ज म्हणून द्या, पण दोन्हींपैकी काय ते कागदावर लिहा. मुलीला तो कागद दाखवा. उद्या प्लॉटचा विषय निघेल तेव्हा तिच्या भावाने काय घेतलं होतं हे तिला आजच कळलेलं बरं.

मुलासाठी निरोप : नोकरीत असतानाच तीन शाळांना सॉफ्टवेअर वापरायला द्या आणि चौथ्या शाळेकडून पैसे घ्या, पाच हजार का होईना. फक्त नोकरीच्या करारात बाहेरच्या कामाविषयी काय लिहिलंय ते आधी वाचा. मग कंपनी नोंदवून ‘स्टार्टअप इंडिया’ची मान्यता घ्या. २०२१ च्या सीड फंड योजनेत नमुना तयार करायला २० लाखांपर्यंत अनुदान आणि बाजारात उतरायला ५० लाखांपर्यंत कर्ज किंवा शेअरमध्ये रूपांतरित होणारे रोखे अशी तरतूद होती; योजना अजून अर्ज घेते का ते आधी पाहा. पैसा इन्क्युबेटरमार्फत येतो आणि अर्जाच्या वेळी कंपनी दोन वर्षांहून जुनी चालत नाही. म्हणून नोंदणीची घाई करू नका. अनेक मुलं उत्साहात आधी कंपनी नोंदवतात आणि उत्पादन तयार होईपर्यंत ती दोन वर्षं संपलेली असतात.

बापाचा प्लॉट हा सगळ्यात सोपा पैसा असतो, कारण तो मिळवायला मुलाला कुणासमोर उभं राहून धंदा समजावून सांगावा लागत नाही. त्याला आधी चार परक्यांसमोर उभं राहू द्या.

आम्ही पाण्याच्या टाक्यांसाठी सेन्सर बनवतो. एका सरकारी खात्याचं काम केलं, ९ लाखांचं बिल सात महिने अडकलंय. आता एक गुंतवणूकदार मिळतोय, त्याचे पैसे घेऊन निभावू का? — बुटीबोरीहून एक उद्योजिका

अडकलेल्या बिलाची भरपाई हिस्सा विकून करू नका. तो फार महाग सौदा आहे. लहान उद्योगांसाठीची तुमची उद्यम नोंदणी ते काम घेण्याआधीची असेल तर २००६ च्या एमएसएमई (सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग) कायद्याचं संरक्षण तुम्हाला आहे. माल स्वीकारल्यापासून जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे द्यायचे, नाहीतर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागतं, दर महिन्याला. केंद्राच्या एमएसएमई खात्याच्या पोर्टलवर अर्ज करा, तो असे वाद सोडवणाऱ्या फॅसिलिटेशन कौन्सिलकडे जातो. सरकारी खातंही खरेदीदार म्हणून त्यात येतं. संबंध बिघडतील ही भीती खरी आहे. म्हणून आधी तारीख, बिल क्रमांक आणि या कायद्याचा उल्लेख असलेलं एक साधं पत्र द्या. त्या एका पत्रावर फाइल हललेली मी पाहिली आहे.

राज्याच्या स्टार्टअप सप्ताहात सुरुवातीच्या वर्षांत निवडलेल्या २४ कंपन्यांना सरकारी खात्यात १५ लाखांपर्यंतच्या कामाचा आदेश मिळत असे. कल्पना चांगलीच आहे, पण अशा कामात उतरताना सहा महिन्यांचा पगार बाजूला ठेवूनच उतरा.

कळमन्यात आमची तीस वर्षांपासून फळांची अडत आहे. पैसा आजवर प्लॉटांतच घातला. आता नव्या पोरांच्या कंपनीत २५ लाख घालावेत असं वाटून राहिलं. माझी अट साधी : ५१ टक्के हिस्सा आणि महिन्याला २ टक्के. सीए म्हणतो एंजल टॅक्सची भानगड आहे. खरं काय? — कळमन्याहून एक अडतदार

भाऊसाहेब, सगळ्यात जास्त आनंद मला तुमच्या पत्राने झाला. नागपुरात पैसा नाही हे मी कधीच मानलं नाही. वर्धा रोडपासून उमरेड रोडपर्यंतच्या ले-आउटांत तो चुन्याच्या रेषा आखून पडलेला दिसतो.

एंजल टॅक्स, म्हणजे कंपनीने रास्त भावाहून चढ्या किमतीला शेअर दिले तर वरच्या रकमेवरचा कर, २०१२ मध्ये आला होता आणि जुलै २०२४ च्या अर्थसंकल्पात तो रद्द झाला. सीएंना ते पुन्हा पाहायला सांगा.

आता तुमची अट. २५ लाखांवर महिन्याला २ टक्के म्हणजे ५०,००० रुपये. एवढ्यात त्या कंपनीत एक चांगला इंजिनिअर कामाला राहतो. तो इंजिनिअर काढून तुम्हाला व्याज द्यायचं तर कंपनी वाढणार कशी? आणि ५१ टक्के घेतले की पोरं तुमच्याकडे नोकर होतात. पुढे कुणी मोठा गुंतवणूकदार आला तर मालकांकडे ४९ टक्केच उरलेत हे पाहून तो दारातून परत जाईल, आणि तुमचे ५१ टक्के तिथेच अडकतील. व्याज हवं असेल तर सरळ कर्ज द्या. वाढ हवी असेल तर १० ते १५ टक्क्यांत समाधान माना आणि सात-आठ वर्षं पैशाकडे पाहू नका. प्लॉट घेऊन तुम्ही तेवढे थांबताच की.

सगळे २५ एका ठिकाणी घालू नका. पाच-पाच लाख, पाच कंपन्यांत, दोन-तीन वर्षांत. त्यांतल्या तीन बुडतील असं धरून चाला.

याच शहरात १८७४ मध्ये जमशेटजी टाटांनी १५ लाखांच्या भांडवलाची कंपनी काढली आणि १ जानेवारी १८७७ ला एम्प्रेस मिल सुरू झाली. जागा दलदलीची होती, आधी भराव घालावा लागला. टाटांच्या चरित्रांत एक गोष्ट येते : इथल्या एका सावकाराने तेव्हा पैसे द्यायला नकार दिला, कारण त्याला वाटलं हा माणूस खड्ड्यात माती ओतून पैसा बुडवतोय. मिल भरभराटीला आल्यावर तोच म्हणाला की टाटांनी माती घातली आणि सोनं काढलं. ती मिल आता नाही, तिथे मॉल उभा आहे. पण पहिल्यांदा नाही म्हणणारा तो सावकार मला तुमच्या पत्रातल्या अटीत दिसला, आणि तुम्ही तसे नाही हे पत्राच्या बाकीच्या ओळींवरून कळतं.

कागदाचं एवढं पाहा. मूल्यांकन नोंदणीकृत मूल्यांकनकाराचं हवं. पैसे कंपनीच्या त्यासाठीच्या स्वतंत्र बँक खात्यात जावेत. पैसे दिल्यापासून ६० दिवसांत शेअर तुमच्या नावावर आले पाहिजेत. नाही आले तर पुढच्या १५ दिवसांत पैसे परत, आणि तेही झालं नाही तर १२ टक्के व्याजासह, असं कंपनी कायदाच सांगतो. शेअर मिळाल्याचा कागद हातात येईपर्यंत पेढे वाटू नका.

तुम्ही फळ नुसतं हातात घेऊन त्याची प्रत सांगता. तीस वर्षांचं हे ज्ञान कुठल्याही फंडाच्या तक्त्यात नसतं, ते तुमच्या २५ लाखांहून मोठं आहे. वरचं पहिलं पत्र वाचलंत ना? दोन पोरं हिंगण्यात संत्र्याच्या प्रतवारीचं यंत्र बनवतात. दोघांचीही परवानगी असेल तर मी एकमेकांचे पत्ते कळवीन, त्यासाठी मला काही नको. अंबियाचं फळ बाजारात येण्याआधी एकदा हिंगण्याला जा आणि दोन क्रेट संत्री सोबत न्या, त्यांत थोडी मुद्दाम मार लागलेली. ती यंत्रावर टाका. यंत्र कुठे चुकतं ते त्यांना दाखवा, आणि पैशाचं बोलणं चहा झाल्यावर काढा.